वाचकांचे प्रश्न : राष्ट्रे प्रबळ कशाच्या बळावर होतात?

जागतिक सत्तेच्या राजकारणावर आलेल्या पत्रांपैकी सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. सगळ्या प्रश्नांना सारखी जागा मिळालेली नाही, कारण सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत.

प्रश्न : मोठी अर्थव्यवस्था आणि मोठे सैन्य असले की देश प्रबळ होतो, हे कोणालाही कळते. मग त्यासाठी इतके सिद्धान्त कशाला लागतात?

उत्तर : आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यासाठीच सिद्धान्त लागतात. पैसा, सैन्य, लोकसंख्या, खनिजे ही सत्तेची साधने झाली. ती हाताशी असणे आणि त्यांच्या जोरावर दुसऱ्याकडून आपल्या मनासारखे करून घेता येणे, यांत बरेच अंतर असते. व्हिएतनाममध्ये साधनांची कमतरता अमेरिकेला नव्हती आणि १९७९ ते १९८९ या काळात अफगाणिस्तानात ती सोव्हिएत संघालाही नव्हती. दोघांनाही तेथून हात हलवत परतावे लागले. त्याच सोव्हिएत संघाकडे १९९१ मध्ये हजारो अण्वस्त्रे जशीच्या तशी होती, पण राष्ट्र म्हणून तो त्या वर्षअखेरीस उरला नाही.

याहून बोलके उदाहरण सुएझचे आहे. जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबरच्या अखेरीस इस्रायलने सिनाईत मुसंडी मारली आणि पूर्वनियोजित संगनमतानुसार ब्रिटन व फ्रान्स ‘शांतता राखण्यासाठी’ कालव्याकडे निघाले. ५ नोव्हेंबरला पोर्ट सैदजवळ छत्रीधारी सैनिक उतरले, दुसऱ्या दिवशी समुद्रमार्गे सैन्य उतरले, आणि त्याच मध्यरात्री ब्रिटनने युद्धविराम मान्य केला. रणांगणावर त्याचा पराभव झालेला नव्हता. उलट कालव्याचा मोठा भाग हाती येणे ही काही दिवसांचीच बाब राहिली होती. लंडनमध्ये मात्र पौंडावर विक्रीचा मारा चालू होता, गंगाजळी झपाट्याने आटत होती आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून उचल घ्यायची तर अमेरिकेच्या संमतीवाचून ती मिळणार नव्हती. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ही संमती सैन्य मागे घेण्याशी बांधून टाकली. नाक दाबले की तोंड उघडते, त्याप्रमाणे डिसेंबरच्या सुरुवातीला ब्रिटनने माघारीची घोषणा केली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नाणेनिधीने सुमारे १३० कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला.

अमेरिकेने या प्रकरणात ब्रिटनविरुद्ध एकही गोळी झाडली नाही. ब्रिटनला ज्या दारातून जाणे भाग होते, त्या दाराची कडी अमेरिकेच्या हातात होती, एवढेच. माझ्या मते सत्तेचा मूळ प्रश्न येथेच आहे : एखाद्या देशाकडे किती आहे याइतकेच, त्याला वगळून इतरांचे चालते का, हे पाहावे लागते.

प्रश्न : मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद, जागतिक व्यवस्था सिद्धान्त या सर्वांचा अभ्यास केला, पण यांपैकी खरा कोणता, हे मात्र कळत नाही.

उत्तर : परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे सिद्धान्त एकमेकांशी सामना खेळणाऱ्या संघांसारखे मांडले जातात, म्हणून हा गोंधळ होतो. प्रत्येक सिद्धान्त आपल्याला काय शोधायला लावतो, ते आधी पाहावे.

वास्तववादाचा पाया असा की राष्ट्रांच्या वर दाद मागता येईल असा कोणी नियंता नाही, म्हणून ज्याने त्याने आपले रक्षण आपणच करायचे. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सने मेलोस या छोट्या बेटाला शरण येण्यास फर्मावले, तेव्हा न्यायाची भाषा तुल्यबळांमध्येच चालते, असे अथेन्सच्या दूतांनी सुनावल्याचे ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीसने नोंदवले आहे. बळी तो कान पिळी, हाच त्याचा अर्थ. मेलोसने ऐकले नाही आणि त्याचा सर्वनाश झाला. विसाव्या शतकात हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ मध्ये सत्ताकांक्षेचे मूळ मानवी स्वभावात दाखवले, तर केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये स्वभाव बाजूला ठेवून व्यवस्थेच्या रचनेवर बोट ठेवले. राज्यकर्ते कितीही सज्जन असले तरी नियंत्याविना असलेल्या व्यवस्थेत त्यांना सत्तासंतुलनाचा विचार करावाच लागतो, असे वॉल्ट्झ यांचे म्हणणे. मला त्यांची मांडणी अधिक भक्कम वाटते, कारण ती कोणाच्या मनात शिरण्याचा दावा करत नाही.

रॉबर्ट कोहेन आणि जोसेफ नाय यांनी १९७७ मध्ये दुसरी, म्हणजे उदारमतवादाची, बाजू पुढे आणली. राष्ट्रे व्यापार, भांडवल, दळणवळण यांनी एकमेकांत गुंतलेली असतात आणि या गुंतण्यात ज्याचे अवलंबित्व कमी, त्याचा हात वरचा ठरतो. संस्था आणि नियम यांमुळे व्यवहाराचा खर्च आणि अविश्वास कमी होतो, म्हणून बलाढ्य देशालाही ते हवेसे वाटतात. इमॅन्युएल वॉलरस्टीन यांनी १९७४ पासून मांडलेला जागतिक व्यवस्था सिद्धान्त विचारतो की जास्त नफ्याचे उत्पादन कोठे साचते आणि कच्चा माल व स्वस्त श्रम कोण पुरवतो; केंद्र आणि परीघ यांची ही विभागणी मोडून वर चढणारे देश त्यांच्या मते थोडेच असतात. रचनावादी अलेक्झांडर वेंट यांचा मुद्दा तर एका उदाहरणात मावतो : ब्रिटनच्या पाचशे अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाची पाच अण्वस्त्रे अमेरिकेला अधिक धोक्याची वाटतात. शस्त्रांची नुसती मोजदाद करून याचा उलगडा होत नाही; मित्र कोण आणि शत्रू कोण, याविषयीची समजूत पाहावी लागते.

अभ्यासक्रमात अनेकदा निसटणारे एक नाव म्हणजे सुझन स्ट्रेंज. समोरच्याला धाक दाखवून काम करून घेणे ही एक सत्ता आणि ज्या चौकटीत सर्वांना व्यवहार करावे लागतात ती चौकटच आखणे ही दुसरी, असा भेद त्यांनी केला. सुरक्षा, उत्पादन, वित्त आणि ज्ञान या चार चौकटी त्यांनी १९८८ मध्ये सांगितल्या. सुएझचे कोडे या मांडणीने जितके सुटते तितके अन्य कोणत्याही एका मांडणीने सुटत नाही, कारण तेथे ब्रिटन सैन्यात नव्हे, तर वित्ताच्या चौकटीत हरला.

कौटिल्याची सप्तांगे आपण पाठ केली असतीलच : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. त्यापुढची एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. उत्साहशक्ती, प्रभुशक्ती आणि मंत्रशक्ती, म्हणजे पराक्रम, कोश व सैन्य यांचे बळ आणि सल्लामसलतीचे बळ, यांची तुलना करताना त्याने आधीच्या आचार्यांचे मत खोडून मंत्रशक्तीला सर्वांत वर ठेवले आहे. साधने आणि परिणाम यांतले अंतर कशाने भरून निघते, याचे हे बरेच जुने उत्तर आहे.

प्रश्न : समुद्रावर ज्याचे राज्य, त्याचे जगावर राज्य, असे म्हणतात. विमाने आणि इंटरनेटच्या काळात भूगोलाला इतके महत्त्व उरले आहे का?

उत्तर : उरले आहे, पण त्याचे स्थान बदलले आहे. अमेरिकन नौदल अधिकारी आल्फ्रेड थेअर महान यांनी १८९० मध्ये ब्रिटनच्या उत्कर्षाचे श्रेय नौदल, व्यापारी जहाजे आणि वाटेतले तळ यांच्या साखळीला दिले. (आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात त्याआधी पावणेदोनशे वर्षे लिहिले गेले होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको.) १९०४ मध्ये हॅलफर्ड मॅकिंडर यांनी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे नेमकी उलट भीती मांडली : लोहमार्गांमुळे युरेशियाचा अंतर्भाग एका सत्तेखाली एकवटला, तर जहाजांना तेथे पोहोचताच येणार नाही. पुढे निकोलस स्पाइकमन यांनी महत्त्व अंतर्भागाऐवजी त्याच्या किनारपट्टीला दिले आणि शीतयुद्धातील अमेरिकेच्या आघाड्यांचा नकाशा बऱ्याच अंशी तसाच निघाला.

भूगोल कसा काम करतो याचा एक प्रसंग मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. ५ ऑगस्ट १९१४ रोजी, युद्ध पुकारल्यानंतर काही तासांतच, एका ब्रिटिश जहाजाने इंग्लिश खाडीच्या तळावरून जाणाऱ्या जर्मनीच्या तारा लोखंडी आकड्यांनी वर ओढून तोडल्या. समुद्राखालच्या तारांचे जगातील बहुतेक जाळे तोवर ब्रिटिशांच्या हाती होते; त्या तारांवर चढवायचा गटापर्चा हा झाडाचा चीकही मलायासारख्या प्रदेशांतून त्यांच्याकडेच येई. जर्मनीला आपले संदेश मग परक्या तारांवरून पाठवावे लागले. जानेवारी १९१७ मध्ये परराष्ट्रमंत्री झिमरमन यांनी मेक्सिकोला युद्धात ओढण्यासाठी टेक्सस, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवून देण्याचे आमिष दाखवणारी गुप्त तार पाठवली, ती खुद्द अमेरिकेच्याच राजनैतिक तारमार्गाने. तो मार्ग ब्रिटनमधून जात असल्याने ब्रिटिश नौदलाच्या सांकेतिक लिपी विभागाने ती टिपली आणि उलगडली. १ मार्चला ती अमेरिकी वृत्तपत्रांत झळकली आणि ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. तिला युद्धात ओढणारी इतरही कारणे होती, जर्मन पाणबुड्यांचे अनिर्बंध हल्ले हे त्यांतले मोठे; परंतु एका तारेने लोकमत असे फिरवल्याची उदाहरणे विरळाच.

आजही आंतरखंडीय माहितीची वाहतूक बहुतांश समुद्रतळावरच्या ऑप्टिकल तारांतूनच होते. उपग्रहांमुळे समुद्राचे महत्त्व संपले, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

प्रश्न : १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले. तरीही डॉलर जगाचे चलन कसे राहिले?

उत्तर : कारण तोवर सवय सोन्याची नव्हे, तर डॉलरची लागली होती. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद झाली; तिच्या आधीच्या वाटाघाटींत ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी कोणत्याही एका देशाचे नसलेले हिशोबी चलन सुचवले होते. अमेरिकेच्या हॅरी डेक्स्टर व्हाइट यांनी ते होऊ दिले नाही, आणि जगातील सोन्याचा मोठा साठा अमेरिकेकडे असल्याने त्यांचेच चालले. एक औंस सोन्याला ३५ डॉलर हा दर ठरला आणि इतर चलने डॉलरला बांधली गेली. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले, तेव्हा तेलाचा व्यवहार, कर्जरोखे, बँकांची देणीघेणी हे सारे डॉलरमध्ये चालत होते. प्रत्येकजण डॉलर घेतो कारण पुढचाही घेणार याची त्याला खात्री असते, आणि हे वर्तुळ एकट्याने मोडणाऱ्याचेच नुकसान होते. शिवाय अमेरिकी सरकारी रोख्यांइतका मोठा आणि केव्हाही विकता येणारा दुसरा रोखेबाजार नाही. जगातील मध्यवर्ती बँकांच्या परकीय चलनसाठ्यात आजही निम्म्याहून अधिक वाटा डॉलरचा आहे.

संस्थांच्या नियमांतही ही मेख पक्की मारलेली आहे. नाणेनिधीतील सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के आहेत. साधे गणित केले तरी नकाराधिकार कोणाकडे आहे ते दिसते.

मात्र हे हत्यार वापरले की त्याची धारही थोडी कमी होते. २०१२ मध्ये इराणच्या बँकांना स्विफ्ट या आंतरबँक संदेशजाळ्यातून बाहेर काढण्यात आले. ती संस्था बेल्जियममध्ये असली तरी त्यामागे अमेरिकेचा रेटा होता. २०२२ मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर मूल्याचे साठे पाश्चात्त्य देशांनी गोठवले. त्या वर्षापासून सलग तीन वर्षे जगातील मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून अधिक सोने खरेदी केले, आणि आपले पैसेही उद्या असेच अडकतील ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक होती. डॉलरचे आसन यामुळे लगेच हलणार नाही. त्याच्या जागी बसायला रेन्मिन्बी या चिनी चलनाला आधी भांडवलाच्या मुक्त ये-जा करण्यावरचे निर्बंध सोडावे लागतील आणि चीनच्या राज्यकर्त्यांची तशी तयारी दिसत नाही.

प्रश्न : सॉफ्ट पॉवर म्हणजे चित्रपट आणि खाद्यपदार्थ यांची लोकप्रियता, एवढेच ना?

उत्तर : नाही. नाय यांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली तेव्हा संस्कृतीबरोबर राजकीय मूल्ये आणि परराष्ट्र धोरण यांचाही तिच्यात समावेश होता, आणि शेवटचे दोन घटक कोसळले तर पहिला एकटा फारसे वजन पेलत नाही. १९५७ च्या स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाने सोव्हिएत संघाची प्रतिमा उंचावली, पण १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये आणि १९६८ मध्ये प्रागमध्ये रणगाडे घालून त्याने ती स्वतःच मातीस मिळवली. या संकल्पनेवर अलीकडे जेवढे लिहिले जाते तेवढी ती वजनदार आहे, असे मला वाटत नाही.

प्रश्न : लहान देशांना या खेळात काही स्थान असते का, की त्यांनी मोठ्यांच्या सावलीतच राहायचे?

उत्तर : स्थान असते, फक्त ते एखाद्या अरुंद जागी असते. अतिसूक्ष्म चिप घडवण्यासाठी लागणारी अतिनील लिथोग्राफीची, म्हणजे प्रकाशाने चिपवर नक्षी उमटवण्याची, सर्वांत प्रगत यंत्रे जगात नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला सुमारे पन्नास हजार या वेगाने सोडून प्रत्येकावर लेसरचा मारा करतात, तेव्हा कोठे १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळतो. हे यंत्र मिळाल्याशिवाय चीनला आघाडीच्या चिप बनवणे फार जड जाते आणि डच सरकारने त्याच्या निर्यातीला परवाना दिलेला नाही. पण येथे एक गोम आहे. प्रकाशाचा तो स्रोत अमेरिकेतील कॅलिफोर्नियात विकसित झालेला, आरसे आणि लेसर जर्मन कंपन्यांचे. त्यामुळे परवान्यावर सही डच असली तरी त्या निर्णयात वॉशिंग्टनचा शब्द मोठा होता. हेन्री फॅरेल आणि अब्राहम न्यूमन यांनी २०१९ मध्ये परस्परावलंबनाचे शस्त्र कसे होते, हे मांडले ते अशाच मोक्याच्या गाठींविषयी.

हीच चाल उलट्या दिशेनेही खेळता येते. दुर्मीळ मृदा धातूंच्या शुद्धीकरणाचा फार मोठा हिस्सा चीनकडे एकवटलेला आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याने त्यांपैकी काहींच्या निर्यातीवर परवान्याची अट घालताच अनेक देशांतील मोटार कारखान्यांची धावपळ झाली.

प्रश्न : उगवती सत्ता आणि मावळती सत्ता यांच्यात युद्ध अटळ असते का?

उत्तर : नाही, जरी त्या दिशेने ढकलणाऱ्या गोष्टी खऱ्या असल्या तरी. ए. एफ. के. ऑर्गन्स्की यांनी १९५८ मध्ये सत्तासंक्रमणाचा सिद्धान्त मांडला : असमाधानी उगवता देश प्रस्थापित देशाच्या बरोबरीला येतो, तो काळ सर्वांत धोक्याचा. ‘असमाधानी’ या अटीकडे सहसा कोणी पाहत नाही. ग्रॅहम ॲलिसन यांनी २०१७ मध्ये गेल्या पाचशे वर्षांतील अशा १६ जोड्या तपासल्या आणि १२ वेळा युद्ध झाले असे दाखवले. ही उदाहरणे कशी निवडली, यावर इतिहासकारांनी बरेच आक्षेप घेतले आहेत.

युद्ध टळलेल्या उदाहरणांतून अधिक शिकता येते. १८९५ मध्ये व्हेनेझुएलाच्या सीमेवरून ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्धाची भाषा चालू होती. १९०१ मध्ये ब्रिटनने मध्य अमेरिकेतील नियोजित कालव्यावरचा आपला समान हक्क करार करून सोडून दिला. त्यामागे उदारपणा नव्हता. जर्मनीचे आरमार वाढत होते आणि सगळीकडे एकाच वेळी पुरे पडणे शक्य नव्हते. पॉल केनेडी यांनी १९८७ मध्ये वर्णन केलेला, आवाक्याबाहेर पसरलेल्या जबाबदाऱ्यांचा ताण तो हाच.

याउलट सत्तेची सूत्रे हाती घ्यायला कोणीच पुढे न येणे हेही महागात पडते. चार्ल्स किंडलबर्गर यांनी १९७३ मध्ये महामंदीचे निदान असेच केले : संकटात बाजार खुला ठेवणे आणि शेवटचा सावकार होणे ब्रिटनला जमत नव्हते आणि अमेरिकेला करायचे नव्हते. १९३० मध्ये तर अमेरिकेने आयातकर आणखी चढवले. १८९० च्या सुमारास तिची अर्थव्यवस्था ब्रिटनपेक्षा स्पष्टपणे मोठी झालेली होती. नेतृत्व मात्र तिने १९४५ नंतरच पत्करले.

प्रश्न : देशाची सत्ता एका आकड्यात मोजता येते का?

उत्तर : मोजणारे मोजतात. सर्वाधिक वापरला जाणारा निर्देशांक सहा गोष्टी जमेस धरतो : लष्करी खर्च, सैनिकसंख्या, ऊर्जेचा वापर, लोखंड व पोलाद उत्पादन, शहरी लोकसंख्या आणि एकूण लोकसंख्या. त्यानुसार चीनने अमेरिकेला १९९० च्या दशकातच मागे टाकले, ज्यावर तेव्हा बीजिंगमध्येही कोणी विश्वास ठेवला नसता. अडचण अशी की हा निर्देशांक केवळ ढोबळ आकार मोजतो. एवढ्या लोकांना पोसण्यात आणि सांभाळण्यात किती खर्ची पडते, ते वजा करत नाही. अँगस मॅडिसन यांच्या अंदाजानुसार १८२० मध्ये जगाच्या एकूण उत्पादनापैकी सुमारे एक तृतीयांश वाटा चीनचा होता, तरीही १८३९ ते १८४२ च्या अफू युद्धात तुलनेने छोट्या ब्रिटिश फौजेने त्याला नमवले आणि हाँगकाँग घेतले. म्हणून मायकेल बेकली यांनी २०१८ मध्ये एक सोपा पर्याय सुचवला : एकूण उत्पन्न आणि दरडोई उत्पन्न यांचा गुणाकार करावा, म्हणजे आकार आणि कार्यक्षमता दोन्ही हिशोबात येतात. पूर्वीच्या युद्धांचे निकाल या गुणाकाराने जुन्या निर्देशांकापेक्षा बरे जुळतात. मित्रदेश, चलन आणि तंत्रज्ञानाच्या मोक्याच्या जागा मात्र त्यातही येत नाहीत आणि १९५६ च्या नोव्हेंबरात ब्रिटनची अडचण या आकड्यातूनही कोणाला आधी वाचता आली नसती.